किडक्या बियांचं पोतं

बा, मागच्या मंगळवारी दुपारी माय ताटात शेंगदाणे घेऊन निवडत बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण हात रिकामे राहिले की ती चिडचिड करते, म्हणून मी तिच्यापुढं काही ना काही ठेवते. डबा बरेच दिवस उघडला नव्हता आणि दाण्यांना कीड लागली होती. एक दाणा तिनं बोटांत धरला, त्याच्या भोकावरून नख फिरवलं आणि भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं तितक्या सहज म्हणाली, "गायरानाच्या पोत्यात किडकं बी म्याच वतलं व्हतं. तुझ्या बापाला ठावं बी नव्हतं." मी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काय म्हणलीस, माय?" तर ती म्हणाली, "च्या कवा करतीस?" आणि तो किडका दाणा तिनं चांगल्या दाण्यांत टाकून दिला.

त्या दिवसापासून मला काही सुधरत नाही. तुला जाऊन पस्तीस वर्षं होऊन गेली. पोत्याची गोष्ट तर त्याच्याही कितीतरी आधीची, मी आठवीत होते तेव्हाची. ती दुखायची, पण काय घडलं याबद्दल माझ्या मनात कधी शंका नव्हती. त्या सकाळी तिथं आपण तिघंच होतो. आता तू नाहीस. मायचं म्हणशील, तर गेल्या महिन्यात तिनं मला सांगितलं की मी पाचोडच्या बाजारात जन्मले, ती बोकड विकायला गेली होती तेव्हा. मी घरातच जन्मले हे आत्यानं मला कितीदा सांगितलंय, नाळ कापायला तीच होती. मग मायचं कोणतं बोलणं खरं धरायचं आणि कोणतं सोडून द्यायचं? म्हणून सगळं पहिल्यापासून मांडून बघते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण मला काय ठाऊक आहे तेच आता पक्कं राहिलेलं नाही.

आपलं गाव करमाडच्या आत, मुरमाड माळावरचं. शेती म्हणावी अशी आपल्याला नव्हतीच; पाऊस झाला तर थोडी बाजरी, बाकी सगळं शेरडांवर. दुष्काळात अर्धी शेरडं गेली आणि उरली ती बाभळीच्या शेंगांवर जगली. सगळं करपलं तरी उन्हाळ्यात बाभळीला शेंगा असायच्या, पांढरट, मण्यांची माळ दाबून चपटी केल्यासारख्या. तू आकडीनं फांद्या हलवायचास, शेंगा पडल्या की शेरडं एकमेकांच्या अंगावर चढायची. मग रवंथ करताना ती शेंगेतलं टणक बी थुंकून टाकायची. सकाळी त्यांचं वाडगं झाडलं की लेंड्यांबरोबर तपकिरी बियांचा ढीग निघायचा. आम्ही पोरं ते बी घेऊन चल्लसला सोंगट्या म्हणून मांडायचो. त्यांचा आणखी काही उपयोग असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

दुष्काळ सरल्यावर सरकारनं झाडं लावायचं काम काढलं. गावाजवळ रोपवाटिका झाली आणि तू आणि माय तिथं मातीच्या पिशव्या भरायला जायला लागलात. पहिल्या खेपेला बाभळीचं बी आलं ते कुठल्याशा व्यापाऱ्याकडचं, गोदामात वर्षभर पडलेलं. महिना झाला तरी पिशव्यांतून काही वर येईना. वनखात्याचे साहेब जीपमधून आले आणि पाणी नीट घालत नाही म्हणून बायांवर ओरडायला लागले. मी तुझी भाकरी घेऊन आले होते, त्यामुळं पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तू एक पिशवी फोडलीस, मातीतून बी काढून पटक्याला पुसलंस आणि साहेबांच्या पुढं धरलंस.

"साहेब, ह्ये बी मेलेलं हाय."

"मेलेलं म्हणजे?"

"किड्यानं आतून खाल्लंय. ह्ये बघा भोक. आता ह्याला दूध पाजलं तरी उगवायचं नाय."

"मग जिवंत बी कुठं मिळतं?"

"माझ्या वाडग्यात."

त्यांच्याबरोबरचा गार्ड हसायला लागला. तो शहरातला, शहागंजाकडचा, तोंडात कायम सुपारी. "क्या मामू, साब को लेंडियां बेचते क्या?" पण साहेब हसले नाहीत. तू त्यांना समजावलंस की शेरडानं खाल्लं की पोटातल्या गरमीनं आतला किडा मरतो आणि बियाचं कवचही नरम पडतं, म्हणून वाडग्याच्या कडेनं बाभळी आपोआप उगवतात. दुसऱ्या दिवशी तू पायलीभर बी घेऊन गेलास. दहा-बारा दिवसांत पिशव्या हिरव्या झाल्या. साहेबांनी तुला रोपवाटिकेच्या शेडमध्ये बोलावून खुर्ची दिली. तू त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकलास, अर्धा हवेत, आणि घरी येऊन म्हणालास की खुर्चीपेक्षा दगड बरा. माय मात्र ती खुर्ची महिनाभर गावाला सांगत होती.

त्या वर्षभर आपल्या घरात बी निवडायचंच काम होतं. वाडगं झाडायचं, चाळायचं, सुपानं पाखडायचं, मग घमेल्यात पाणी घेऊन त्यात सोडायचं. पोकळ झालेलं बी वर तरंगतं, भरलेलं खाली बसतं. तरंगणारं ओंजळीनं काढून पाटीत टाकायचं आणि ती पाटी शेवटी चुलीत रिकामी करायची. माझा हात बारीक म्हणून शेवटची नजर माझी. मला ते काम आवडायचं. शाळेत तेव्हा आम्हाला किडींचा धडा होता आणि गुरुजींनी वहीत लिहून दिलं होतं की कीड बियाला बाहेरून भोक पाडून आत शिरते. मी ते तुला मोठ्यानं वाचून दाखवलं. तू बाहेर गेलास, झाडाची हिरवी शेंग तोडून आणलीस आणि माझ्या हातात दिलीस.

"ह्याला भोक हाय का?"

"नाय."

तू शेंग सोलून एक बी दगडानं फोडलंस. आत पांढरी आळी होती, तांदळाच्या कणीएवढी, वळवळणारी.

"मंग ही कुठून आली?"

"ठावं नाय."

"ठावं नाय तर वहीत काहून लिवलं?" तुझा आवाज चढला होता. "भोक बाहेर पडायचं असतं. भोक दिसलं म्हंजी किडा गेलेला असतो. आत कवा शिरला ते कुनाला बी दिसत नाय." मी रडायला लागले, कारण गुरुजींनी सांगितलेलं खोटं असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मायनं तुला दटावलं की लेकराला कशाला बोलतूस, शाळेत तेच लिवावं लागतं. पुढं प्रयोगशाळेत नोकरीला लागल्यावर मी हे सगळं भिंगाखाली पाहिलं. शेंग कोवळी असताना वरून अंडं घातलं जातं, त्यातून निघालेली आळी केसाएवढ्या वाटेनं आत जाते आणि ती वाट मागं भरून येते. तुझं बरोबर होतं. हे तुला सांगायचं राहून गेलं.

मग दुसरं वर्ष आलं. त्या वैशाखात गार्ड आपल्या अंगणात येऊन बसला. साहेबांना आता पायलीभर बी नको होतं, पोती हवी होती. चर खणून त्यांच्या बांधावर सरळ बी टोकायचं ठरलं होतं. तू विचारलंस, "कुठं?" तो पाणी पिता पिता म्हणाला, "कहां मतलब? तुम्हारेच गायरान पे, मामू. पूरा बंद होनेवाला है. तारां लगींगे."

तेव्हाचा तुझा चेहरा मला आठवतो का? मला वाटतं आठवतो, पण आता कशाचीच खात्री देत नाही. एवढं नक्की की तू तंबाखू मळत होतास आणि मळतच राहिलास. ते गायरान निजामाच्या काळापासून चराईला मोकळं होतं. पोलीस ॲक्शनच्या वेळी तू पोरगा होतास, तेव्हा गावातले सगळे घरं बंद करून बसले, पण तुझा बाप मेंढ्या घेऊन त्याच माळावर गेला होता, हे तू किती वेळा सांगायचास. नंतर जमिनीचं दफ्तर उर्दूतलं मराठीत आलं आणि त्यात गायरानाचं काय लिहिलंय हे गावात कुणी वाचलं नाही. ते बंद झालं तर शेरडं न्यायला दुसरी जागाच नव्हती. तरी तू गार्डला म्हणालास, "बेस हाय. बी देतो." तो गेल्यावर माय चुलीपुढून म्हणाली, "आपल्या हातानं आपल्या शेरडाच्या तोंडातला घास काढायचा व्हय?" तू म्हणालास, "साहेबानं खुर्ची दिलीय." माय म्हणाली, "मंग खुर्ची खाऊ घाल त्यास्नी." तू उठून बाहेर गेलास.

बी मात्र आपण गोळा केलं. वाडग्यातलं पुरेना, म्हणून त्या वर्षी झाडाखालच्या शेंगा सरळ झोडपून त्यातलंही बी काढलं. तेही पाण्यात टाकलं, तरंगणारं काढलं. किडकं बी इतकं निघालं की कोपऱ्यात तीन पाट्या भरून राहिल्या. ज्या सकाळी पोती द्यायची होती त्या सकाळी मी ओढ्यावरून पाणी घेऊन येते. हे मी नेहमी असंच आठवते, आत्ता घडतंय तसं. दारातून आत येते तर तू शेवटच्या पोत्याजवळ उभा आहेस. पोत्याचं तोंड उघडं आहे. तुझ्या हातात रिकामी पाटी आहे आणि कोपऱ्यातल्या तिन्ही पाट्यांतलं किडकं बी नाहीसं झालंय. चूल थंड आहे. माय मागच्या बाजूला आहे, तिच्या बांगड्या ऐकू येतायत. मी विचारते, "बा, काय करायलास?" आणि तू पाटी खाली ठेवून म्हणतोस, "काय नाय. तोंड बांधायलो."

एवढंच. पाटी ओतताना मी तुला पाहिलं नाही. हे आज लिहिताना पहिल्यांदा लक्षात येतंय. पण तेव्हा मला यात पाहायचं काही राहिलंय असं वाटलंच नाही.

पाऊस झाला, बायांनी चरांवर बी टोकलं. माझ्या आठवणीत निम्म्या गायरानावर काही आलंच नाही. मायच्या म्हणण्याप्रमाणं थोडं थोडं आलं होतं. साहेबांनी जागोजागी उकरून पाहिलं आणि मूठभर किडकं बी कागदात बांधून तुला शेडमध्ये बोलावलं. गार्ड शाळेत येऊन मलाही घेऊन गेला, कारण शेवटची नजर माझी असते हे सगळ्यांना माहीत होतं. शेडमध्ये तू उभा होतास. खुर्ची होती, पण तुला बस म्हटलं नव्हतं. साहेब माझ्याशी चांगलं बोलले. मला अजून वाटतं की ते रागावून बोलले असते तर मी गप्प राहिले असते.

"बियाणं निवडताना तू होतीस ना?"

"व्हय."

"किडकं बी तू बाजूला काढलं होतंस?"

"व्हय. तीन पाट्या निघाल्या व्हत्या."

"मग त्या पाट्यांचं काय केलंत?"

मी तुझ्याकडं पाहिलं नाही. मला शाळेत उत्तर येत असलं की जसं वाटायचं तसंच वाटत होतं. मी म्हणाले, "बानं पोत्यात टाकलं."

गार्डनं सुपारी चावायची थांबवली. साहेबांनी तुला विचारलं, हे खरं आहे का. तू डोक्यावरचा पटका सारखा केलास. मग म्हणालास, "पोरगी खोटं बोलत नाय, साहेब."

बा, हे एक वाक्य मी पन्नास वर्षं उलटंसुलटं करून पाहतेय. तू 'व्हय' म्हणाला नाहीस. 'नाय'ही म्हणाला नाहीस. तुझं बी होतं, तुझं गायरान होतं, आणि तू बोललास ते माझ्याबद्दल. आधी मला वाटायचं की ती कबुली होती. मग मोठी झाल्यावर वाटायला लागलं की चारचौघांत लेकीचा शब्द खाली पडू नये म्हणून तू तसं म्हणालास. आणि मंगळवारपासून वाटतंय की तू आत आलास तेव्हा माय पाट्या ओतून मागं गेली होती, तू फक्त पोत्याचं तोंड बांधत होतास आणि शेडमध्ये सगळं ओळखून तू तिला वाचवलंस. तसं असेल तर मायनं सांगितलं त्याप्रमाणं तुला आधी ठाऊक नव्हतं आणि माझ्या प्रश्नाला तू दिलेलं उत्तरही अक्षरशः खरं होतं. सगळं जुळतं. पण जुळतं म्हणून ते घडलं असं होतं का?

तुला तिथून काढून टाकलं. तक्रार पुढं गेली नाही, एवढं साहेबांनी बघितलं. दोन दिवसांनी आपल्या वस्तीतला सगळ्यात म्हातारा धनगर चरवीभर दूध घेऊन आला आणि तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "लई मोठं काम केलंस, बाबा. दोन साल तरी जनावराला माळ राहिला." मला वाटलं आता तू हसशील. तू चरवी परत त्याच्या हातात दिलीस आणि म्हणालास, "म्या काय बी केलं नाय, काका. बी सडकं निघालं." म्हातारा मान हलवत गेला. त्याला वाटलं की तू भीतीनं बोलत नाहीस. मी उंबऱ्यावर बसले होते. ज्यांनी दोष दिला त्यांच्यापुढं तू मान खाली घातलीस आणि ज्यांनी शाबासकी दिली त्यांना नाही म्हणालास. याचा अर्थ मी कसा लावायचा होता? मायही घरात होती. ती चुलीत फुंकत राहिली.

माळ पुढं बंद झालाच. पुढच्या वर्षी दुसरीकडून तयार रोपं आली, तारा लागल्या. शेरडं विकली आणि आपण शहराच्या कडेला चिकलठाण्याला आलो, पत्र्याच्या एका खोलीत. तू एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार झालास. खाकी सदरा तुला कायम मोठा व्हायचा. माझी शाळा मात्र सुटली नाही. गावात राहिले असते तर आठवीनंतर शेरडांमागं गेले असते, तिथं आसपास मुलींची पुढची शाळाच नव्हती. कॉलेज, बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेतली नोकरी, हे घर, सगळं त्या शेडमधल्या एका उत्तरामुळं आलं, असं मी कितीदा मनात म्हणून पाहिलंय. आणि तुझं काय गेलं तेही त्याच उत्तरामुळं. हे दोन्ही एकत्र ठेवले की माझं डोकं बंद पडतं.

नोकरी लागली तेव्हा तू शहागंजातून एक भिंग आणलंस, घड्याळजीच्या दुकानातलं जुनं, काळ्या दांड्याचं. ते कागदात गुंडाळून दिलंस आणि म्हणालास, "तुला बारीक बघायची सवय हाय. वापर." मी हसून घेतलं. रात्रभर विचार करत बसले की हे कौतुक आहे की टोमणा. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तुझा डबा घेऊन मी फाटकावर आले. जेवताना तुझ्या शेजारी लाकडी खोक्यावर बसले आणि शेवटी विचारलं.

"बा, तेव्हा खरं काय झालं होतं?"

"कवा?"

"गायरानाच्या वेळी. पोत्यात."

तू घास चावून गिळलास. एक ट्रक आला, तू उठून फाटक उघडलंस, आकडा पाहिलास, फाटक लावलंस, परत येऊन बसलास. मला वाटलं विसरलास. मग म्हणालास, "तू सांगितलंस तसं."

"म्हणजे तू टाकलंस?"

"तू सांगितलंस तसं, म्हनलं ना." आणि डबा झाकून माझ्याकडं दिलास. त्यात अर्धी भाकरी शिल्लक होती. मी पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी तू गेलास.

आता तिसरी गोष्ट. ती तुला ठाऊक असण्याचं कारण नाही, किंवा तुलाच ती सगळ्यांच्या आधी ठाऊक असेल, मला कळत नाही. प्रयोगशाळेत बियांचे नमुने यायचे. चांगलं दिसणारं, पाण्यात बुडणारं बी आम्ही बरणीत ठेवायचो आणि दोन महिन्यांनी पाहावं तर त्याला भोकं पडलेली असायची, बरणीच्या तळाशी भुंगेरे फिरत असायचे. आळी आत लहान असेल तर बी जड राहतं, बुडतं. ते किडकं आहे हे निवडणाऱ्याला दिसतच नाही. त्या वर्षी आपण अर्धं बी झाडाखालच्या शेंगांमधून काढलं होतं, ते शेरडाच्या पोटातून आलेलं नव्हतं. ती पोती रोपवाटिकेच्या गोदामात पाऊस येईपर्यंत पडून होती. म्हणजे कदाचित कुणीच काही ओतलं नसेल. कदाचित तीन पाट्या तू त्या सकाळी बाहेर लेंड्यांच्या ढिगावर रिकाम्या केल्या असशील. मी बाहेर जाऊन पाहिलं नव्हतं. मग तू म्हाताऱ्या धनगराला म्हणालास तेच खरं, बी सडकं निघालं. पण तसं असेल तर शेडमध्ये तू सरळ तेच का सांगितलं नाहीस? साहेब तुझं ऐकत होते. किड्याबद्दल त्या शेडमध्ये तुझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

काल संध्याकाळी मायला न्हाऊ घातलं, केस विंचरताना पुन्हा विषय काढला. मंगळवारपासून मी धीर धरत होते.

"माय, ते पोत्यातलं तू म्हणलीस ना, ते खरं का?"

"कोनतं पोतं?"

"गायरानाचं. तू किडकं बी वतलंस म्हणलीस."

"व्हय. वतलं की."

"काहून वतलंस?"

"तुझ्या बापानं सांगितलं वत म्हनून."

मी कंगवा खाली ठेवला. "अगं, तूच म्हणलीस ना, त्याला ठावं नव्हतं?"

"ठावं नव्हतंच," ती म्हणाली, जरा रागानंच, जणू मी मुद्दाम गुंतवतेय. "त्याला काय ठावं असतं? खुर्चीवर बसला व्हता." मग थोड्या वेळानं म्हणाली, "लई केस गळायलेत गं." मी तिची वेणी घातली. तिला भात कालवून दिला. ती जेवून झोपली आणि मी इथं येऊन बसले.

इतकं लिहून झालं आणि मी जिथं होते तिथंच आहे. तू टाकलंस, मायनं टाकलं, तू तिला टाकायला सांगितलंस, कुणीच टाकलं नाही. चारही गोष्टींत सकाळ तीच, रिकामी पाटी तीच, आणि दारात मी तीच. यातली कुठली खरी हे शोधायला आता कुठं जाऊ? रोपवाटिका राहिली नाही, साहेब राहिले नसतील, गार्डचं काय झालं कुणास ठाऊक. गायरानावर आता मोठमोठ्या शेड उभ्या राहिल्यात. गेल्या वर्षी एका लग्नाला जाताना गाडी तिथून गेली, तेव्हा कुठली बाजू आपली हेही मला ओळखू आलं नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. मुलाला दाखवलं तर तो म्हणेल, आजीचं काय मनावर घेतेस, आणि त्याचं चूक नाही. पण उठायच्या आधी एक लिहिते, कारण तुझ्याशी बोलताना ते लपवायचं कारण नाही. माय म्हणते ते खरं असावं असं मला वाटायला हवं. तुझा डाग धुवून निघतो, लेक म्हणून मला आनंद व्हायला हवा. तो होत नाही. मंगळवारपासून मी मनातल्या मनात उलटंच धरून बसले आहे. ते बी तूच वतलेलं असावं, बा. म्हणजे त्या दिवशी शेडमध्ये मी खरं बोलले होते.